माथ्यावरच्या ओळी



लेखकाचं आयुष्य आणि लेखन घडवणारी वचनं, असा विषय मला देण्यात आला तेव्हा थोडी धास्तीच वाटली. आपल्याकडे वचनांचं पीक उदंड. शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर एक, आणि सकाळी फोन उघडावा तर आठ-दहा येऊन पडलेले. त्यांतल्या निम्म्यांच्या खाली भलत्याच माणसाचं नाव. अशा वचनांनी कुणाचं आयुष्य घडलं असेल यावर माझा विश्वास नाही. त्यांनी फार तर भाषणाची सुरुवात होते.

म्हणून आज वचनांची माळ ओवणार नाही. एकाच लेखकानं निवडलेल्या दोन वचनांबद्दल बोलणार आहे. आणि तीही म्हणून दाखवणार नाही. म्हटली की टाळ्या पडतात आणि मुद्दा बाजूला राहतो. तुमच्यापैकी अनेकांना ती पाठ असतील. नसतील त्यांच्या घरात गाथा आणि ज्ञानेश्वरी असेलच.

३१ जानेवारी १९२०, शनिवार. मुंबईत एका नव्या मराठी पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. नाव ‘मूकनायक’. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचं नाव होतं, पण अग्रलेख लिहिणारा माणूस सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. वय अठ्ठावीस. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, लंडनचं शिक्षण अर्धवट राहिलेला. अंकासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पत्राची जाहिरात रोख पैसे देऊनही छापायला ‘केसरी’नं नकार दिला होता. हे सगळं डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांतून आपण वाचलेलं आहे. पहिल्या अग्रलेखातला मनोऱ्याचा दृष्टान्तही प्रसिद्ध आहे: हिंदू समाज मजल्यामजल्यांचा आहे आणि मजल्यांना जिने नाहीत.

पण अग्रलेखाच्या आधी डोळे जातात ते पत्राच्या माथ्यावर. तिथे बिरुदावली म्हणून तुकोबांचा अभंग छापलेला आहे. अर्धाच. पहिली दोन कडवी. आता भीड धरून काय करायचं, तोंड उघडलंच आहे. जगात मुक्याला कोणी वाली नसतो आणि लाजत बसून कुणाचं हित होत नाही, असा त्यांचा आशय. पत्राचं नाव या ओळींतूनच आलेलं दिसतं. म्हणजे नाव आधी ठरवलं आणि मग शोभेसाठी वचन हुडकलं, असा हा प्रकार नव्हे. वचनातून पत्र निघालं, असं म्हणणं सत्याच्या अधिक जवळ जाईल.

याच्या शेजारी ‘केसरी’ची बिरुदावली ठेवून पाहा. ४ जानेवारी १८८१ ला निघालेल्या त्या पत्राच्या माथ्यावर जगन्नाथ पंडिताचा संस्कृत श्लोक आहे, ‘भामिनीविलासा’तला. हत्तीला बजावलेलं आहे की या रानात क्षणभरही थांबू नकोस, इथल्या गुहेत सिंह निजलेला आहे. श्लोक देखणा आहे, आवेशपूर्ण आहे, आणि शत्रूला उद्देशून आहे. तो कळायला संस्कृत लागतं किंवा मग कुणी अर्थ सांगावा लागतो. ‘मूकनायक’ची बिरुदावली मराठी आहे, ती शत्रूशी बोलतच नाही. ती बोलणाऱ्याला स्वतःलाच सांगते की आता गप्प राहू नकोस. दोन पत्रांच्या स्वभावातला फरक मला त्यांच्या अग्रलेखांपेक्षाही या दोन माथ्यांवर आधी दिसतो.

मघाशी ‘अर्धाच अभंग’ म्हणालो. उरलेली दोन कडवी माथ्यावर नाहीत, पण गाथा जाणणाऱ्याच्या मनात ती आपोआप पुढे चालू होतात. त्यांत काय आहे? जीव धीट करून धन्याशी बोलावं, आणि जो समर्थ आहे त्याच्याशी मांडी थोपटून गाठ घालावी. तुकोबांचा हा धनी म्हणजे विठ्ठल. भक्तानं देवाशी केलेली ही लडिवाळ कुस्ती आहे. तुकोबा असे अनेकदा भांडतात, उधारी मागतात, देवाला दिवाळखोर ठरवतात. आता तेच शब्द १९२० साली अस्पृश्यांच्या पत्रावर आले, आणि एक अक्षरही न बदलता धनी बदलला. समर्थ कोण हे ‘मूकनायक’च्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. गाव त्याला रोज सांगत होतं.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. वचन लेखकाला घडवतं म्हणजे काय, तर ते त्याच्यावर ओझं टाकतं. आणि लेखक खरा असेल तर तोही त्या वचनावर असं ओझं टाकतो, जे मूळ कर्त्यानं कधी टाकलं नव्हतं. वचनाचा नुसता अलंकार करणाऱ्याला हे दोन्ही जमत नाही.

वारकरी कीर्तन ऐकलेल्यांना हे वेगळं समजावून द्यायला नको. कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो. मुद्दा मांडला की प्रमाण देतो: कधी ज्ञानोबांची ओवी, कधी नाथांचा अभंग, कधी नामदेवांचा. प्रमाणाचे पहिले दोन शब्द त्याच्या तोंडून निघतात न निघतात तोच टाळकरी ते उचलतात आणि पुरं करतात. तिथे वचन कुणा एकाचं राहत नाही. पण प्रमाण देणाऱ्याची परीक्षा तिथेच होते. नेमकं कुठे दिलं, कशासाठी दिलं, यावरून श्रोते त्याचं पाणी जोखतात. चुकीच्या जागी दिलेलं प्रमाण जुन्या वारकऱ्याला बेसूर टाळासारखं खटकतं.

आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार यांच्या घरात हा संस्कार होता. ते कबीरपंथी. सकाळ-संध्याकाळ मुलांकडून भजनं, अभंग, दोहे म्हणवून घेत; रामायण-महाभारताचं वाचनही चाले. लहान भीमरावाला त्याचा कंटाळा आला असेल की गोडी लागली असेल, हा प्रश्न मला थोडा गैरलागू वाटतो. पाठांतराचं असं असतं की ते कंटाळ्यातूनही आत जातं आणि पुढे वीस वर्षांनी भलत्याच ठिकाणी वर येतं. पुढे केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. त्या पुस्तकाला फळ यायला तर जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

आता ज्यांच्या ओळी घेतल्या त्या तुकोबांकडे वळू, कारण वचनं पाठ करून लेखक कसा घडतो याचं मराठीतलं सर्वांत प्रामाणिक निवेदन त्यांचंच आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात थोरली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, लोकांत तोंड दाखवायची सोय उरली नाही. मग त्यांनी मोडकळीला आलेलं देऊळ नीट केलं आणि कीर्तनात उभे राहू लागले. स्वतःच्या आत्मनिवेदनात ते सांगतात की सुरुवातीला अभ्यासात मन लागत नव्हतं, म्हणून संतांची काही वचनं आदरानं, विश्वासानं पाठ केली. पुढे असलेल्या गाणाऱ्याच्या मागे धृपद धरलं. प्रतिभा, स्फूर्ती, दैवी देणगी यांतलं काही नाही. आधी दुसऱ्याच्या मागे म्हणणं. कवित्व नंतर. तेसुद्धा नामदेवांनी स्वप्नात येऊन सोपवलेलं काम म्हणून. स्वतःच्या मोठेपणाची इतकी कमी भूक असलेला दुसरा मोठा कवी मला माहीत नाही.

तुकोबांच्या ओळींनी त्यांच्या हयातीतच एक लेखिका घडवली. बहिणाबाई शिऊरकर. वेरूळजवळच्या देवगावात १६२८ साली जन्मलेल्या, जन्मानं ब्राह्मण, अगदी बालपणी तिशीतल्या बिजवराशी लग्न झालेलं. घरावर संकट आलं म्हणून हे कुटुंब गाव सोडून भटकत कोल्हापूरला पोचलं. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले. माणूस पाहिलेला नाही, देहू पाहिलेलं नाही, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या ओळी. त्या ओळींचा ध्यास लागला, स्वप्नात तुकोबांनी उपदेश केला, आणि या ब्राह्मण बाईनं एका शूद्राला गुरू मानलं. नवऱ्यानं मारहाण केली. ती सगळी हकिकत बहिणाबाईंनी स्वतः अभंगांत लिहून ठेवली आहे, नवऱ्याचा राग आणि स्वतःची घालमेल दोन्ही न लपवता. पुढे नवऱ्याचंच मन पालटलं आणि दोघं देहूला आली. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या तेरा दिवस पाण्यात राहून तरल्या, या घटनेचा उल्लेखही बहिणाबाईंच्या अभंगात येतो. आणि आणखी एक गोष्ट: अश्वघोषाच्या नावावर असलेली ‘वज्रसूची’ त्यांनी मराठीत आणली. ब्राह्मण्य जन्मानं ठरत नाही असं प्रतिपादन करणारा बौद्ध परंपरेतला ग्रंथ, सतराव्या शतकातल्या मराठी अभंगात, एका ब्राह्मण बाईच्या हातून. कीर्तनात ऐकलेली चार वचनं माणसाला कुठवर नेऊन सोडतात पाहा.

इथे एक आडवळण घेतो. वचनं तोंडोतोंडी चालली की त्यांत भर पडतेच. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांना लोकांनी घुसडलेल्या ओव्या काढाव्या लागल्या, आणि पुन्हा कुणी असं करू नये अशी कडक ताकीद शेवटी द्यावी लागली. अगदी अलीकडचं उदाहरण १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाचं. दामले-फत्तेलालांचा प्रभातचा चित्रपट, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत. त्यातलं बीजावरचं जे गाणं घरोघरी म्हटलं जातं, ते शांताराम आठवले यांनी लिहिलं. पण तुकोबांचा अभंग म्हणूनच ते लोकांनी स्वीकारलं आणि गाथेत शोधायलाही सुरुवात केली. आठवल्यांच्या जागी मी असतो तर मला याहून मोठं पारितोषिक नको होतं. मात्र संशोधकाची डोकेदुखी वाढली, हेही खरं.

आता दुसरं वचन. ‘मूकनायक’ आंबेडकर लंडनला गेल्यावर कसंबसं चाललं आणि १९२३ मध्ये बंद पडलं. त्यानंतर त्यांचं स्वतःचं पत्र निघालं ते ३ एप्रिल १९२७ ला, ‘बहिष्कृत भारत’. तारीख नीट पाहा. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर ते आपल्या माणसांसह पाणी प्यायले. बरोबर दोन आठवड्यांनी हा अंक. आणि आता माथ्यावर तुकोबा नाहीत, ज्ञानेश्वर आहेत. तिसऱ्या अध्यायातल्या ओव्या. श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो आहे: धनुष्य हाती घे, रथावर चढ, वीरवृत्तीला आलिंगन दे, पृथ्वीला या भारातून सोडव, शंका टाकून युद्धात मन घाल, दुसरं काही आता बोलूच नकोस.

सात वर्षांत वचन बदललं, कारण काम बदललं होतं. पहिल्या पत्राला तोंड उघडायचं होतं. दुसऱ्याचं तोंड उघडून झालं होतं, त्याला आता रथावर चढायचं होतं. हे पत्र त्यांनी कसं चालवलं, हे त्यांनीच वाचकांना सांगितलं आहे: कसलाही मोबदला न घेता, वर्षभर चोवीस चोवीस रकाने एकट्यानं लिहून. ज्यानं ते रकाने भरले त्याच्या डोक्यावर दर अंकाला ती आज्ञा छापलेली होती.

पण या ओव्या सोप्या नाहीत. त्यांत स्वधर्माचा मान वाढवण्याची आज्ञा आहे. गीतेत स्वधर्म म्हणजे वर्णानं वाट्याला आलेलं कर्म. ज्या पत्राचं नावच ‘बहिष्कृत भारत’ आहे, ज्या चळवळीनं त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडात मनुस्मृती जाळली, त्या पत्राच्या माथ्यावर हा शब्द काय करतो आहे? काही अभ्यासक म्हणतात, तेव्हा आंबेडकर हिंदू चौकटीतच विचार करत होते, म्हणून. हे उत्तर मला अपुरं वाटतं. एकतर या ओव्या लिहिणारा कोण होता ते पाहा. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या चार भावंडांपैकी एक. ज्ञानदेवांनी नेवाशाला १२९० साली जे सांगितलं ते एका बहिष्कृतानं सांगितलं होतं. आणि दुसरं, ज्याला शस्त्र धरायचा, रथावर चढायचा, युद्ध आपलं मानायचा अधिकारच या धर्मानं दिलेला नाही, त्याला उद्देशून हीच आज्ञा छापली की चौकट आतून उसवते. अर्जुनाच्या जागी महार उभा राहिला की स्वधर्माचा जुना अर्थ तिथे टिकत नाही. हे आंबेडकरांना कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

याच निवडीत मला एक अनुपस्थिती जाणवते. दोन्ही वेळा माथ्यावर चोखामेळा नाहीत. जातीनं सर्वांत जवळचे तेच, पंढरपुरात देवळाच्या पायरीशी त्यांची समाधी. पण चोखोबांच्या वाणीत उंबऱ्याबाहेर उभं राहून केलेली विनवणी जास्त आहे. ती अस्सल आहे, काळीज हलवणारी आहे, आणि १९२० सालच्या त्या प्राध्यापकाला विनवणी नको होती. हा माझा तर्क. त्यांनी कुठे असं म्हटलेलं नाही.

याच माणसानं पुढे काय केलं ते सांगितल्याशिवाय हा विषय अर्धवट राहील. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्षपदासाठी बोलावलं, भाषणाचा मसुदा वाचला, आणि परिषदच रद्द केली. आंबेडकरांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं पुस्तकरूपात छापलं. आज इथे माझं व्याख्यान होतं आहे आणि मागाहून छापलंही जाईल, तेव्हा हे नमूद करतो की भारतातलं बहुधा सर्वांत जास्त वाचलं गेलेलं अध्यक्षीय भाषण कधी झालंच नाही. महात्माजींनी त्यावर ‘हरिजन’मध्ये टीका केली, ज्ञानदेव-तुकारामादी संतांचा हवाला दिला. आंबेडकरांचं उत्तर कठोर होतं. संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला केला नाही, माणूस माणसाशी समान आहे यापेक्षा देवापुढे सगळे सारखे आहेत हे सांगितलं, आणि त्यातून प्रत्यक्षात फारसं काही बदललं नाही, असा त्याचा रोख.

म्हणजे ज्याच्या ओळी डोक्यावर घेऊन सोळा वर्षांपूर्वी तोंड उघडलं, त्यालाच आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. कुणी याला विसंगती म्हणेल. मला यात वचनाशी इमान दिसतं. भीड धरू नकोस असं सांगणाऱ्या ओळी तुम्ही खरोखर मनावर घेतल्या असतील, तर एक दिवस त्या ओळींच्या कर्त्याचीही भीड तुम्हाला सोडावी लागते. तुकोबांना याचा राग आला असता असं मला वाटत नाही. ते स्वतः देवाची भीड ठेवत नव्हते.

आणि तरीही हिशेब तिथे संपला नाही. १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण, याचा शोध घेणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याची अर्पणपत्रिका तीन संतांच्या नावे आहे: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. माथ्यावर ज्याला जागा मिळाली नव्हती, त्याला अर्पणपत्रिकेत मिळाली. लेखकाचं आपल्या वचनांशी नातं असं आयुष्यभर कमी-जास्त होत राहतं. एकदा निवडलं आणि मिटलं, असं नसतं.

सोळाव्या शतकात माँतेन नावाच्या फ्रेंच निबंधकारानं आपल्या मनोऱ्यातल्या ग्रंथालयाच्या तुळयांवर ग्रीक आणि लॅटिन वचनं रंगवून घेतली होती. काही खोडून त्यांच्यावर दुसरी लिहिली. त्या तुळया आजही आहेत. ती वचनं खोलीत फेऱ्या मारणाऱ्या एकट्या माणसासाठी होती, मान वर केली की दिसणारी. वृत्तपत्राच्या माथ्यावरचं वचन मात्र चारचौघांत जातं. एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा ‘मूकनायक’चा वाचकवर्ग होता. लिहिणाऱ्याला मग मागे फिरायची सोय राहत नाही. आपण काय कबूल केलं आहे ते दर पंधरवड्याला सगळ्यांना दिसतं.

महाराष्ट्र शासनानं १९९० मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ एकत्र प्रसिद्ध केले, वसंत मून यांच्या संपादनाखाली. तो जाडजूड खंड ग्रंथालयातून काढून पाहा अशी माझी तरुण मित्रांना विनंती आहे. अग्रलेखांवर प्रबंध पुष्कळ झाले. माथ्यांवर फारसं कुणी थांबलेलं नाही.

बाबासाहेबांची स्वतःची वाक्यं आज वचनं झाली आहेत, दिनदर्शिकांवर आणि भिंतींवर आहेत. तीन क्रियापदांचं त्यांचं आवाहन तर सर्वांना पाठ आहे, फक्त त्यांचा क्रम छापणारा आपल्या सोयीनं फिरवत असतो. त्याबद्दल आज तक्रार करत नाही. मला अण्णा भाऊ साठे जास्त महत्त्वाचे वाटतात. तमाशाच्या गणात गणपतीला वंदन करायची रीत मोडून त्यांनी मातृभूमीला वंदन केलं. १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करताना त्यांनी शेषाच्या मस्तकाची पुराणातली कल्पना उचलली आणि पृथ्वी श्रमिकांच्या तळहातावर आणून ठेवली. जुन्या ओळीवर नवं ओझं टाकण्याची तीच रीत. आणि पुढच्याच वर्षी ‘फकिरा’ आली तेव्हा त्यांनी ती अर्पण केली बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. माणसाला नव्हे, लेखणीला. चोवीस रकाने लिहिणाऱ्याला हा फरक कळला असता.